एक सूर वर

आयनार थोर्वाल्डसनच्या वाट्याला डबल बेस, म्हणजे माणसाहून उंच असं ते खर्जातलं तंतुवाद्य, आलं ते उंचीपायी. तळ्याकाठच्या गिमली गावातल्या शाळेत वाद्यं वाटली गेली त्या दिवशी बाईंनी विचारलं, "व्हायोलिन कुणाला हवंय?" आणि त्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला. तिथेच घात झाला. तो हात इतका वर गेला की बाईंनी आधी हात पाहिला, मग हाताखालचा मुलगा पाहिला आणि म्हणाल्या, "तू तो कोपऱ्यातला मोठा घे रे. बाकी कुणाचा हात पोचायचा नाही त्याला." बाप तळ्यावर मासेमारी करायचा. त्याला वाटलं, एवढं मोठं वाद्य फुकटात मिळतंय म्हणजे पोरगं नशीबवान. आयनारला मात्र त्या दिवशी जी रुखरुख लागली ती कायमची.

पुढे तो विनिपेगच्या ऑर्केस्ट्रात लागला आणि सगळा जन्म त्याने मागच्या रांगेत काढला. बेसवाल्याचं काम काय, तर बाकीच्यांच्या पायाखाली जमीन धरून ठेवायची. जमिनीकडे कोण बघतं? पुढे व्हायोलिनवाला पाहुणा येतो, डोळे मिटून गातो, फुलं घेतो आणि विमान पकडतो. मागे बेसवाला एक सूर धरतो, सोडतो, पुन्हा तोच धरतो. आयनार हे काम चोख करायचा. त्याच्याबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती आणि, खरं सांगायचं तर, कौतुकही नव्हतं.

घरी तळघरात मात्र त्याचा दुसरा संसार होता. तिथे तो व्हायोलिनचे कॉन्चेर्टो, म्हणजे एका व्हायोलिनने गायच्या आणि ऑर्केस्ट्राने साथ करायच्या मोठ्या रचना, बेसवर वाजवायचा. एक-दोन नव्हे, नावाजलेले जवळजवळ सगळेच. व्हायोलिनवर जो सूर बोटभर अंतरावर असतो तो बेसवर वीतभर लांब असतो. त्यामुळे वाद्यावर ओणवं व्हायचं, डाव्या हाताचा अंगठाच तारेवर टेकवायचा आणि घोडीच्या दिशेने खाली खाली सरकत ते गाणं शोधायचं. कंबर आणि मान दोन्ही कामातून जातात. आणि एवढं करून ते व्हायोलिनसारखं वाजतच नाही. व्हायोलिन चारचौघांत रडतं. बेसवर तेच गाणं एखाद्या बाप्याने दार लावून घेऊन रडावं तसं येतं.

"दुधाची तहान ताकावर भागवतोयस, आयनार," कॉर्नी फ्रीसेन म्हणायचा. हा त्याचा शेजारी, रांगेतला दुसरा बेसवाला, स्टाइनबाखकडच्या गवळ्याचा मुलगा. "आणि ते ताकसुद्धा वाटीभर घेशील तर शप्पथ. हंडाच घेऊन बसलायस."

"तुला कोण पी म्हणतंय?"

"मी कशाला पिऊ? मी आपला माझे चार सूर वाजवतो, घरी जातो, जेवतो. म्हणून माझी बायको टिकली."

हे शेवटचं बोलून झाल्यावर कॉर्नीने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

त्या सगळ्या कॉन्चेर्टोंमधला एक आयनारचा नव्हताच, तो हालीनाचा होता. हालीना मेल्निक, त्याची एके काळची बायको. लग्नानंतर दोघं नॉर्थ एंड वस्तीत एका भाड्याच्या घरात राहायचे, ती वर आणि तो खाली, म्हणजे रियाजापुरते. ती टोरांटोच्या ऑर्केस्ट्राच्या निवड-परीक्षेसाठी तो कॉन्चेर्टो घोटत होती. त्यातला मधला संथ भाग तर सकाळ-संध्याकाळ. खाली आयनार निमूटपणे आपलं काम करायचा, आणि मग राहवेना म्हणून तोच संथ भाग तिच्याबरोबर वाजवू लागायचा, दोन सप्तकं खाली. ती ओरडायची, "आयनार, उंदीर मारतोयस का खाली?" तो थांबायचा. ती पुन्हा सुरू करायची आणि तोही. हसता हसता दोघांचे गज घसरायचे. घरात पैसा नव्हता, खिडक्यांमधून वारा यायचा, आणि तरीही आयनारला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की सुख म्हणतात ते हेच.

टोरांटोला तिची निवड झाली. मागोमाग तिथे बेसची जागा निघेल, मग तू ये, असं ठरलं. जागा निघाली नाही. भांडण झालं असतं तर निदान काही तरी झालं असतं. झालं ते इतकंच की स्टेशनवर ती म्हणाली, "जाऊ ना मी?" आणि आयनार म्हणाला, "जा ना." मोठ्या मनाचं बोलतोय असं त्याला वाटलं होतं. गाडी हलल्यावर तिचा चेहरा पाहून कळलं की तिला दुसरं उत्तर हवं होतं. त्यानंतर फोन कमी झाले, आणि एक दिवस कागदपत्रं आली.

ती गेल्यावर त्याने तो कॉन्चेर्टो पुन्हा काढला, पण मूळ पट्टीत वाजवेना. त्या पट्टीत तो सुरू झाला की कान आपोआप वर लागायचे, वरच्या खोलीकडे, आणि वर कुणी नसायचं. म्हणून त्याने सगळा कॉन्चेर्टो एक सूर खाली उतरवला, नवा कागद लिहिला. बेसच्या जाड तारांना ते सोयीचंच होतं. तीस-बत्तीस वर्षं तो तसाच वाजवत राहिला. त्याच्या कानांना पुढे तीच पट्टी खरी वाटू लागली.

आता निवृत्ती आली. त्यांच्या ऑर्केस्ट्रात एक रीत होती. जाणाऱ्याने काहीही एक निवडायचं, आणि हंगामाच्या शेवटच्या तालमीत अखेरची वीस मिनिटं सगळ्यांनी ते त्याच्यासाठी वाजवायचं. प्रेक्षक नाहीत, तिकीट नाही. एका ट्रॉम्बोनवाल्याने पोल्का, म्हणजे नाचायची उडती धून, वाजवून घेतला होता. एक बासरीवाली तर नुसती समोर खुर्चीत जाऊन बसली होती. म्हणाली, जन्मभर आतून ऐकलं, एकदा बाहेरून ऐकू द्या. आयनारने हालीनाच्या कॉन्चेर्टोचा संथ भाग निवडला, एकल वादक स्वतः, बेसवर. कंडक्टर तरुण होता, त्याला गंमत वाटली. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते. दिवस तुमचा आहे."

आणि त्याच आठवड्यात सूचनाफलकावर हंगामी वादकांत नाव लागलं: व्हायोलिनची दुसरी रांग, शेवटची खुर्ची, हालीना मेल्निक.

ती आईला वृद्धाश्रमात ठेवायला परत आली होती. टोरांटोची नोकरी संपली होती. अंगठ्याचा सांधा धरला होता म्हणे. साधं साथीचं काम जमत होतं, त्याहून अधिक नाही. हे सगळं कॉर्नीनेच खबर काढून आणलं, आणि वर मित्राच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "हे बघ, म्हाताऱ्या, आता तो तुकडा बदल. पोल्का घे. पोल्क्याने कुणाचं वाईट झालेलं नाही."

आयनारने बदलला नाही. उलट त्याने आपल्या जुन्या बेसच्या जाड तारा उतरवून बारीक तारा चढवल्या. बेसवाले एकल वाजवताना असं करतात. त्या तारा एक सूर वर लावलेल्या असतात. बोटं नेहमीच्याच जागी पडतात, कागद नेहमीचाच, आणि आवाज मात्र एक सूर वर निघतो. म्हणजे त्याचा उतरवलेला कॉन्चेर्टो आपोआप मूळ पट्टीत जाऊन बसणार होता. रोजच्या कामासाठी ऑर्केस्ट्राचा दुसरा बेस होता. तारा चढवून त्याने पहिली ओळ वाजवली, आणि त्याला गज खाली ठेवावा लागला. बोटं तीच होती, पण खोलीत हालीनाची पट्टी भरून आली होती. तो तळघराच्या पायरीवर जाऊन बसला. साठी उलटलेला माणूस, पण त्याला हुंदका आला.

त्याला एवढंच हवं होतं: तिने हे एकदा ऐकावं आणि तिला कळावं. आपण "जा ना" म्हणालो ते खरं नव्हतं. ती गेली त्या दिवसापासून आपण तिथेच, त्या खालच्या खोलीत उभे आहोत. तोंडाने हे त्याला कधीच जमलं नसतं. वाजवून झाल्यावर मात्र एक वाक्य बोलायचं त्याने ठरवलं होतं: थांब म्हणायला हवं होतं मी. गाडी चालवताना तो ते मोठ्याने म्हणून बघायचा.

कँटीनमध्ये ती भेटली. केस पांढरे झाले होते आणि तिने ते लपवले नव्हते.

"तू अजून वाकूनच चालतोस," ती म्हणाली.

"वाद्य खाली आहे, मी काय करू?"

"आई कशी आहे, असं विचारायचं असतं."

"कशी आहे आई?"

"मला ओळखत नाही. तुझी मात्र चौकशी करते. तो लांबडा जेवला का, म्हणाली काल."

"सांग तिला, जेवला."

ती हसली. "शुक्रवारी काय वाजवणार आहेस?" तिने विचारलं. "कुणी सांगतच नाही मला."

"कळेल."

"पोल्का असेल तर मी आजारी पडते."

शुक्रवारी तालीम संपत आली तेव्हा ओडेट कागद वाटत फिरली. ऑर्केस्ट्राच्या स्वरलिप्या सांभाळणारी ही बाई, नदीपलीकडची, फ्रेंच, कामाला वाघ. मागे एकदा एक बेसवाला पाहुणा आला होता तेव्हा साथीचे कागद भलत्याच पट्टीतले निघाले होते आणि सगळं खापर तिच्यावर फुटलं होतं. त्यामुळे या वेळी तिने आयनारकडून त्याचा कागद आधीच मागून घेतला होता. आयनारनेही तो मुकाट्याने दिला होता. दोघांनाही वाटत होतं, आपण दुधाने तोंड पोळलेले, ताक फुंकून पितोय.

आयनार पुढे येऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यासमोर कुणाची पाठ नव्हती. हालीना शेवटच्या खुर्चीत होती. तिने कागदावर नाव वाचलं आणि मान वर केली. त्याने तिकडे पाहिलं नाही.

ऑर्केस्ट्राने सुरुवातीचे ते हळुवार सूर वाजवले. आयनारच्या कानाला ते अगदी घरचे वाटले. इतके घरचे, की त्याच्या मनात काही खटकलंच नाही. त्याने गज टेकवला आणि आपला पहिला सूर लावला.

जे काय झालं त्याला संगीत म्हणता येणार नाही. एकाच खोलीत दोन भजनी मंडळं बसावीत आणि कुणीच कुणाचं ऐकू नये, तसला प्रकार. बासरीवाल्यांनी वाजवणं सोडून दिलं. कुणी तरी फिस्सकन हसलं. कॉर्नी मागून म्हणाला, "पोल्का घे म्हणत होतो."

ओडेट धावत मंचावर आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुमच्या कागदाप्रमाणेच सगळं उतरवलंय मी! एक एक ओळ तपासली!"

आयनारच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकल वाजवताना बेसवाल्याचा कागद एक सूर खालचा असतो, कारण वरचा सूर तारा देतात. हे बेसवाल्यांना इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते कुणाला सांगायचं असतं हे सुचतच नाही. ओडेटने कागद पाहिला आणि सगळा ऑर्केस्ट्राच त्या कागदापाशी खाली आणून बसवला. आणि त्याच्या कानाला ते घरचं वाटलं, कारण ती तळघरातली पट्टी होती. एवढी वर्षं तो एकटा वाजवत आला तीच.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "ओडेटची नाही."

कंडक्टरने घड्याळाकडे पाहिलं. तालमीची वेळ संपली की संपली, त्यावर एक मिनिट चालत नाही. "तारा एक सूर उतरवा ना," तो म्हणाला. "मग आपण सगळे तुमच्या कागदात येऊ. चालेल?"

बारीक तारा सैल केल्या की लुळ्या पडतात. पण दुसरा उपाय नव्हता. आयनारने खुंटीला हात घातला. चला, तळघरातलं तळघरातच राहायचं होतं, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच फार कीव आली.

"खुंटीला हात लावू नकोस."

शेवटच्या खुर्चीवरून हालीना उभी राहिली होती. हंगामी वादकाने तालमीत तोंड उघडायचं नसतं. सगळे वळून बघू लागले.

"ते वरच राहू दे," ती म्हणाली. "कागद मिटा की. हे इथे कुणाला येत नाही? मूळ पट्टीत शंभरदा वाजवलंय सगळ्यांनी."

"आम्ही कागदाशिवाय वाजवायचं?" क्लॅरिनेटवाला कुरकुरला.

"का, घरून परवानगी लागते?"

लोक हसले. कॉर्नीने आपला कागद फर्रकन उलटा केला. "बेसला यात मोजून चार सूर आहेत. झोपेत वाजवीन." एकेक कागद मिटत गेला. कंडक्टरने खांदे उडवले आणि काठी उचलली.

या वेळी ऑर्केस्ट्रा मूळ पट्टीत सुरू झाला, थोडा चाचपडत, एकमेकांचं ऐकत. कागद नसला की माणसं फार काळजीपूर्वक ऐकतात. आयनार वाकला, अंगठा तारेवर टेकवला आणि गाऊ लागला. साथ पायाखाली आली. त्या साथीत कुठे तरी हालीनाचं व्हायोलिन होतं, त्याच्या खाली, जिथे तो नेहमी असायचा तिथे. त्याला वाटलं, आता मेलो तरी चालेल. प्रत्येक ओळ तो तिच्यासारखी घेत होता. ती जिथे श्वास घ्यायची तिथे श्वास, जिथे थबकायची तिथे थबकणं. आणि गाणं सगळ्यात उंच जातं तिथे, वरच्या सुरावर थेट न उतरता, खालून हळूच ओढून नेणारी तिची ती मींड. 

ती मींड घेतल्यावर त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. हालीनाचा गज थांबला होता. तिने व्हायोलिन मांडीवर ठेवलं होतं.

कळलं तिला, आयनारच्या मनात आलं. त्यानंतरचं त्याने कसं वाजवलं ते त्यालाही आठवत नाही.

संपल्यावर सगळ्यांनी टाळ्यांच्या जागी स्टँड वाजवले. कंडक्टरने मिठी मारली. कॉर्नीचे डोळे लाल झाले होते, तरी तो म्हणाला, "ताक बरं होतं हो." मग घड्याळाचा काटा पोचला आणि मंडळी कँटीनकडे पांगली. तिथे कॉर्नीच्या बायकोने रुबार्बचा केक आणला होता, आणि निरोपाची भाषणं केक संपायच्या आत करायची असतात.

हालीना उठली नाही. रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत ती पुढे आली आणि पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी खुर्चीत बसली.

"ती वरची मींड," ती म्हणाली.

"हं."

"तशी मी वाजवायचे."

"तशीच."

"टोरांटोला पहिल्याच महिन्यात काढून टाकायला लावली मला. म्हणाले, हे खेडवळ आहे, लग्नातल्या व्हायोलिनवाल्यासारखं. मी रोज आरशासमोर उभी राहून ती घासून काढली. इतकी साफ काढली, आयनार, की ती होती हेच विसरले." तिने बेसकडे बोट केलं. "आणि त्याच्याआधीचा श्वास. तोही माझाच. सगळंच माझं वाजवलंस तू. यात तुझं काय आहे?"

 तळघरातल्या एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याला स्वतःला कधी पडला नव्हता. "मी ठेवलं," तो म्हणाला. "एवढंच."

तिने मान हलवली. उजव्या हाताने ती डाव्या हाताचा अंगठा चोळत होती, ती चोळते आहे हे तिला ठाऊकही नसावं. "मी अशी वाजवायचे," ती पुन्हा म्हणाली. "कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं मला."

आता बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर ओढ होती, इतकी ओढ त्याने कुठल्याच चेहऱ्यावर पाहिली नव्हती. पण ती त्याच्यासाठी नव्हती. नॉर्थ एंडच्या घरात वरच्या खोलीत एक मुलगी वाजवत होती, तिच्यासाठी होती. आयनारच्या लक्षात आलं की आपणही तिच्यासाठीच थांबलो होतो. समोर बसलेली ही पांढऱ्या केसांची बाई कोण, हे आपण कधी विचारलंच नाही. दोघांना एकच माणूस हवं होतं, आणि ते आता दोघांपैकी कुणाचंच नव्हतं.

"एकदा वाजवशील पुन्हा?" हालीना म्हणाली. "सगळं नको. त्या मींडेपर्यंत."

तिने डोळे मिटून घेतले.

त्याने गज टेकवला. साथ नव्हती, नुसतं गाणंच. ओळ वर चढू लागली आणि त्या जागेच्या जवळ आली. तेव्हा त्याच्या बोटाला पहिल्यांदाच वाटलं की सरळ जाऊन त्या सुरावर पडावं, न ओढता, जसं आपण स्वतः वाजवलं असतं तसं. म्हणजे निदान एक सूर तरी तिने आयनारचा ऐकला असता. बोट तयारही झालं होतं.

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मींड घेतली.

हालीनाने श्वास सोडला. डोळे न उघडताच ती म्हणाली, "अजून एकदा."

कँटीनमधून आयनारच्या नावाने हाका येत होत्या. तो पुन्हा पहिल्या सुरावर आला.